पहिली कादंबरी लिहून झाली. आता वाचणार कोण आणि छापणार कोण?

गुंठेवारी

नमस्कार मंडळी. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे, म्हणजे लोक ज्याला मोजणीदार म्हणतात तो. मूळ गाव परांड्याकडचं, नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात. रात्री जेवणं झाली की मोबाइलवर टाइप करत करत एक कादंबरी लिहिली. एक लाख दहा हजार शब्दांच्या आसपास भरली. सगळं युनिकोडमध्ये आहे.

विषय सांगतो. एका वाडीतली सामायिक जमीन. सातबारावर पन्नासेक नावं, त्यातली निम्मी माणसं कधीच गेलेली, वारसनोंदी रखडलेल्या. एका घरानं हद्दकायम मोजणीचा अर्ज टाकला आणि सगळ्यांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं आली. दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही, आणि दुपारी सगळी एकाच फणसाखाली एकमेकांकडे पाठ करून जेवली. एक म्हातारी रोव्हरकडे, म्हणजे आमच्या मोजणीच्या यंत्राच्या काठीकडे बघून म्हणाली, “साहेब, तुमच्या ह्या काठीला माझ्या सासऱ्यानं पुरलेला दगड दिसतो का?” त्यावरून सुचत गेलं.

सुरुवात अशी आहे: “सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या त्या निसर्गरम्य वाडीवर सूर्यनारायणाने आपली सोनेरी किरणे उधळली होती. पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटाने अवघा आसमंत भारून गेला होता.”

पुण्या-मुंबईच्या काही प्रकाशकांना मेल केले. बहुतेकांकडून पोचसुद्धा नाही. एकाचा फोन आला, फार गोड बोलला. म्हणाला, “कादंबरी अप्रतिम आहे, सत्तर हजार भरा आणि तीनशे प्रती तुम्ही उचला.” मी विचारलं, म्हातारीचं काय वाटलं? तर म्हणाला, कुठली म्हातारी?

माझी कुठे ओळख नाही. घरात बायकोनं वाचली, तिला आवडली, पण तिला माझं सगळंच आवडतं. पैसे भरून छापावी का? सरकारी अनुदान असतं म्हणतात, ते खरंच मिळतं का? आणि पूर्ण फाइल अशी कोणालाही पाठवली तर चोरी होणार नाही ना?

दोनशे_प्रती

सत्तर हजार देऊ नका. तेवढ्यात स्वतः छापून वर पैसे उरतील.

माझा हिशोब सांगतो, माझी रहस्यकथा आहे. २०८ पानं, म्हणजे १६ पानी १३ फॉर्म. डिजिटल छपाईवर २०० प्रती काढल्या, प्रतीला ९५ रुपये पडले. पानांच्या मांडणीला पानामागे ३५, मुखपृष्ठाला चार हजार, मुद्रितशोधनाला पाच हजार. सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास. किंमत २८० ठेवली आणि घरपोच २५०ला दिली. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर फुकट मिळतो, लेखक-प्रकाशक म्हणून अर्ज करायचा. कोणी त्याचे पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही.

दुकानात ठेवायला गेलात तर ४० टक्के कमिशन मागतात. माझ्या २८०चे १६८ हातात येणार, तेही पुस्तक खपल्यावर. म्हणून मी दुकानांच्या भानगडीत पडलोच नाही. व्हॉट्सॲपवर पहिली दहा पानं टाकायची, वाचून ज्यांना पुढचं हवं ते पैसे पाठवतात. किंडलवरही मराठी चालतं. तुमचं युनिकोड आहे म्हणजे निम्मं काम झालंच.

प्रकाशकाची वाट बघत बसायचं वय आता कोणाचंच राहिलेलं नाही.

खिळेजुळवणी

वरचा हिशोब चोख आहे आणि रहस्यकथेला तो लागूही पडतो, कारण तिचा वाचक दहा पानांत गळाला लागतो. मोजणीदारांच्या पुस्तकाला तसं होईल असं मला वाटत नाही. का ते सांगते. लांबेल.

मी ट्रेडलच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली. पुढे मुद्रितं तपासली आणि नंतर बरीच वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचली. आता घरी असते, तरी वाचतेच. तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते ऐका.

प्रकाशकाकडे संपादक म्हणून पगारी माणसं किती असतात? बऱ्याच ठिकाणी एक, तोच हिशोबही बघतो. आलेली कादंबरी बाहेरच्या वाचकाकडे जाते. तो पहिली पंचवीस-तीस पानं वाचतो, मग मधलंच एखादं प्रकरण उघडतो आणि शेवटची चार पानं बघतो. तिन्हीकडे एकच माणूस बोलतोय असं वाटलं, तर पूर्ण वाचायला घेतो. नाहीतर “आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही”. तुमच्या मेलला पोच नाही त्यात तुमच्या लेखनाचा दोषही नाही आणि गुणही नाही, ती फाइल बहुधा उघडलेलीच नाही. एक लाख दहा हजार शब्दांची अनोळखी नावाची जोडणी फोनवर कोण उघडतो?

आता मी उघडली असती तर काय झालं असतं ते बघा. सूर्यनारायण, सोनेरी किरणे, मंजुळ किलबिलाट. इथे मी मिटली असती. ही दोन वाक्यं तुमची नाहीतच, ती आपल्या सगळ्यांच्या सातवीच्या निबंधाच्या वहीतली आहेत. आणि त्याच पोस्टमध्ये, एकच परिच्छेद वर, तुम्ही फणसाखाली पाठ करून जेवणारी माणसं लिहिली आहेत आणि पुरलेला दगड विचारणारी म्हातारी लिहिली आहे. ती वाचून मी चहा खाली ठेवला. ती माणसं कादंबरीत कितव्या पानावर येतात? खरं सांगा.

लांबीचंही बोलू. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकारात पानाला तीनशे शब्द धरले तर तुमची ३६८ पानं होतात, २३ फॉर्म. त्याची किंमत साडेचारशेच्या वर जाणार. अनोळखी लेखकाचं साडेचारशेचं पुस्तक घेताना वाचक आधी पाठीमागचा मजकूर वाचतो, मग लेखकाचा फोटो बघतो आणि मग ठेवून देतो. प्रकाशकाला हे पाठ असतं. केवळ किमतीसाठी कापा असं मी कधीच म्हणणार नाही, पण पहिली शंभर पानं जर माझ्या अंदाजाप्रमाणे गावाचा परिचय असतील, तर ती किमतीसाठी नव्हे, कादंबरीसाठीच जायला हवीत.

माझा सल्ला असा की प्रकाशक सध्या विसरा. आधी तुमचं नाव नसतानाही वाचणारे लोक मिळवा. मराठीत त्याची जुनी वाट आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होत्या, पुस्तकं नंतर झाली. ‘मासिक मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजपर्यंत नवा लेखक प्रकाशकाच्या नजरेस पडायची सगळ्यात मोठी जागा दिवाळी अंकच आहे. मोजणीचा दिवस हे प्रकरण स्वतंत्र उभं राहतं का बघा, चार-पाच हजार शब्दांत. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते आणि गणपती बसेपर्यंत बहुतेक अंक लागलेले असतात, तेव्हा ऑगस्टमध्ये पाठवून उपयोग नाही. मानधन मिळालं तर मिठाईपुरतं. पण “हे अमुक अंकात आलं होतं, सोबत कात्रण” ही एक ओळ पत्रात आली की तुमची फाइल उघडली जाते. हे मी स्वतः करत आले आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

प्रकाशकाला पाठवायच्या आधी फोन करून विचारा: सध्या कादंबरी बघताय का, आणि छापील प्रत चालेल की फाइल? पत्र एका पानाचं. त्यात “समाजाला आरसा दाखवणारी” वगैरे नको. तुम्ही मोजणीदार आहात हे पहिल्या ओळीत लिहा, कारण हे पुस्तक दुसरं कोणी लिहूच शकलं नसतं आणि तेच तुमचं भांडवल आहे. शेवट काय होतो तेही सांगून टाका, प्रकाशकापासून रहस्य ठेवायचं नसतं.

चोरीची भीती सोडा. अनोळखी माणसाची कादंबरी चोरणं हे ती छापण्याइतकंच तोट्याचं आहे.

अनुदान खरं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना, कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत. मंडळ जाहिरात काढून हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देतं. ओळख लागत नाही, धीर लागतो. पानांच्या अटी जाहिरातीत नीट वाचा. एक मात्र ध्यानात ठेवा: योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. आज घाईनं दोनशे प्रती काढल्या की तुमचं पहिलं पुस्तक होऊन गेलं, मग ते दार बंद. दोनशे_प्रती यांनी हे सांगायला हवं होतं.

कोपऱ्यातला_वाचक

१९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. त्यांनी कुठे दिवाळी अंकांच्या रांगेत उभं राहून वेळ घालवला? दम असेल तर पहिल्याच फटक्यात होतं.

खिळेजुळवणी

ते मुंबईत लघुअनियतकालिकवाल्यांच्या, म्हणजे छोटे, अनियमित अंक काढणाऱ्या लेखकांच्या मेळ्यात वावरलेले होते. एकमेकांचं लिहिलेलं फाडून खाणारी मंडळी आजूबाजूला होती. लांज्या-राजापुरात संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तसं कोण भेटतं? आणि मागे रा. ज. देशमुखांसारखा प्रकाशक उभा राहिला. दम लागतोच, पण तो दम ओळखणारा माणूसही लागतो.

ब_वर्ग_वाचनालय

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. पुस्तक छापल्यावर कुठे जातं त्याबद्दल थोडं, कारण त्यावर कोणी बोलत नाही.

राज्यात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं आहेत, अ ब क ड अशा वर्गांची. पहिल्या कादंबरीच्या पाचशे प्रतींपैकी मोठा हिस्सा वाचनालयांतच जाऊ शकतो. पण आमची खरेदी बरीचशी अनुदान हातात आल्यावर एकदम होते आणि पुरवठादार जास्तीत जास्त सूट देईल तो माल पुढे करतो. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. तिच्यासाठी प्रकाशकानं पुस्तक सादर करावं लागतं. लेखक-प्रकाशक ते बहुतेक करत नाहीत. त्यांना माहीतच नसतं. कुठलाही प्रकाशक ठरवलात तर “तुम्ही संचालनालयाकडे पुस्तक पाठवता का” हे विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर समजा.

शिवाय राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, श्री. ना. पेंडशांच्या नावाचा. तिथे वर्ष कॅलेंडरचं धरतात. म्हणून डिसेंबरच्या शेवटी घाईघाईत पुस्तक काढू नये, प्रवेशिका भरायलाच वेळ उरत नाही.

बाकी खिळेजुळवणी ताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. गावाचा परिचय उडवा, ठीक. पण मोजणीचं काम उडवू नका. आमच्याकडे येणारे निम्मे सभासद सत्तरीचे शेतकरी आहेत. टिपण म्हणजे काय, फाळणी कशी निघते, पोटहिस्सा का जुळत नाही, हे गोष्टीतून सांगणारं पुस्तक असेल तर ते माझ्याकडे महिनाभर कपाटात परत येणार नाही. ज्याच्या बांधाचं भांडण चालू नाही असा सभासद मला अजून भेटायचाय.

गुंठेवारी

सगळ्यांचे आभार. खिळेजुळवणी ताई, फणसाखालचं जेवण पान ९४ वर आहे. म्हातारी त्याच्याही पुढे.

आधीच्या पानांत वाडीचा इतिहास, खोती कशी होती, कुळकायद्यात काय झालं, मग नायकाचं बालपण असं सगळं आहे. मला वाटायचं की हे आधी सांगितल्याशिवाय वाचकाला भांडण कळणार नाही. ऑफिसात नकाशा हाती घेण्याआधी मूळ रेकॉर्ड बघायची सवय आहे, तीच इथे उतरली असावी.

बोलीभाषेचंही विचारायचं होतं. मी परांड्याचा, कादंबरीतली माणसं संगमेश्वरी बोलतात. कानावर आहे, पण लिहिताना धाकधूक होते. आणि जमिनीची प्रकरणं खरी आहेत. खऱ्या गट नंबरांसकट. चालेल का? करारात काय बघायचं तेही कोणी सांगा. सरकारी नोकराला परवानगी लागते का?

कलम_एकोणीस

वकील आहे, थोडक्यात लिहितो.

गट नंबर आजच बदला, नावं बदला, वाडीचं नावही बदला. खरा गट नंबर छापलात तर तुमचा पहिला वाचक समोरच्या पार्टीचा वकील असेल. भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानी कलम ३५६ मध्ये आहे आणि “कादंबरी काल्पनिक आहे” अशी ओळ आत टाकल्यानं ती आपोआप टळत नाही. ऑफिसच्या फायलीतला मजकूर तर जसाच्या तसा अजिबात नको.

परवानगी: १९७९च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला सवलत आहे. तरी वरिष्ठांना लेखी कळवून पोच घ्या. तुमच्या पुस्तकात तुमचंच खातं आहे, म्हणून म्हणतो.

करार: लेखी आणि सहीचाच हवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून “कायमस्वरूपी, सर्व हक्क” ही ओळ प्रकाशक आवर्जून घालतात. ती खोडा. छापील मराठी आवृत्तीचे हक्क द्या, तेही ठरावीक वर्षांसाठी. भाषांतर, ऑडिओ, चित्रपट आणि वेबमालिका तुमच्याकडे ठेवा. मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्के सांगतात. छापील किमतीवर की सूट वजा करून, हे लिहून घ्या, तिथेच खेळ असतो. किती प्रती छापल्या आणि किती खपल्या याचा वार्षिक हिशोब देण्याचं कलम हवं. ४५०चं पुस्तक, पाचशे प्रती, दहा टक्के: सगळ्या खपल्या तर साडेबावीस हजार. नोकरी सोडू नका.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला. मनाला बरं वाटावं म्हणून करायची तर साहित्यकृतीला फी ५०० रुपये आहे.

दोनशे_प्रती

नवलेखक योजनेचं मला माहीत होतं, पण तेवढं थांबायला मी तयार नव्हतो आणि अजूनही नाही. माझी दुसरी येत्या महिन्यात येतेय. मोजणीदार, तुमच्या फणसाचं प्रकरण मला पाठवा, माझ्या यादीतल्या लोकांना फुकट वाचायला देतो. काय म्हणतात ते जसंच्या तसं कळवीन, शिव्यांसकट.

खिळेजुळवणी

हे उत्तम. द्या त्यांना. रहस्यकथा वाचणारा वाचक फार निर्दय असतो. कुठे कंटाळला ती ओळ सांगेल, तीच तुम्हाला हवी आहे.

९४व्या पानाचं म्हणाल तर पहिली त्र्याण्णव पानं फेकू नका, वेगळ्या फाइलीत काढून ठेवा. मोजणीच्या सकाळी नोटीस वाचून दाखवण्यापासून कादंबरी सुरू करा. खोती आणि कुळकायदा लागेल तेव्हा माणसांच्या तोंडून येईल, भांडताना माणसं आजोबांपर्यंत जातातच. ग्रंथपालांचं म्हणणं मला पटलं. टिपण आणि फाळणी ठेवा, फक्त ती समजावून सांगू नका, करताना दाखवा. नायकाचं बालपण मात्र जाऊ दे. मोजायला आलेला माणूस परका आहे यातच मजा आहे.

बोलीबद्दल: तुमचा निवेदक परांड्याचा आहे ना? मग निवेदन त्याच्या कानानं होऊ द्या. त्याला जे शब्द कळले नाहीत ते त्याला कळले नाहीत असंच लिहा. संवाद झाल्यावर वाडीतल्या कोणा बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जिथे हसेल तिथे चुकलंय, किंवा फारच बरोबर आलंय. कुठलं ते तुम्हाला कळेल. प्रत्येक शब्दावर हेल काढत बसू नका, वाचक दमतो.

एक तांत्रिक गोष्ट. प्रकाशकाचा मांडणीवाला अजूनही श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर काम करत असेल तर युनिकोडमधून रूपांतर होताना ‘ऱ्या’ फुटतो. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘साऱ्याचा’ हे शब्द शेवटच्या मुद्रितात एकेक करून शोधा. तुमच्या विषयात ते पानोपानी असणार.

गुंठेवारी

ताई, नोटिशीपासून सुरुवात करून पहिलं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलंय. गट नंबर बदलले. बदलताना उगाच वाईट वाटलं, पाठ झाले होते. पहिलं प्रकरण झाल्यावर तुम्ही वाचाल का? पैसे सांगा, मी देईन.

खिळेजुळवणी

पैसे नकोत, मात्र उत्तर गोड मिळेल असं समजू नका. पहिलं प्रकरण नको, म्हातारीचं पाठवा. ते जमलं असेल तर पहिल्याचं बघता येतं. कागदाच्या एकाच बाजूला छापा, डावीकडे तीन बोटं समास सोडा, पानांना आकडे घाला. पत्ता व्यक्तिगत निरोपातून देते. साध्या कुरिअरनं पाठवा आणि पाकिटावर तुमचा फोन नंबर लिहा. दुपारी दोन ते चार मी दार उघडत नाही.